शोकयात्रा किती संथ चालावी? बीथोव्हेनच्या लयीचा न मिटलेला वाद

बीथोव्हेनच्या तिसऱ्या, म्हणजेच 'एरोइका' सिंफनीचा दुसरा भाग हे शोकयात्रेचे संगीत आहे. विख्यात जर्मन वाद्यवृंद-संचालक विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह १९५२ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणात हा भाग सुमारे १७ मिनिटे चालतो. स्वतः बीथोव्हेनने त्यासाठी नेमून दिलेली गती काटेकोरपणे पाळली, तर तो साडेबारा मिनिटांच्या आत संपतो. स्वर तेच, रचना तीच. पण एका वादनात दुःखाच्या भाराने पाऊलही उचलत नाही, तर दुसऱ्यात सैनिकांची तुकडी शिस्तीने शवपेटीमागून चालत असल्याचा भास होतो. यातील खरी 'एरोइका' कोणती, हा वाद जवळपास दोनशे वर्षे सुरू आहे.

वादाचे मूळ एका छोट्या यंत्रात आहे. योहान मेल्झेल याने १८१५ मध्ये मेट्रोनोमचे पेटंट घेतले. मिनिटाला किती ठोके पडावेत, हे या यंत्राच्या लंबकावरील वजन वरखाली सरकवून ठरवता येते. तोपर्यंत 'अलेग्रो', 'अदाजिओ' अशा इटालियन शब्दांनीच गती सांगितली जाई. आपल्याकडील विलंबित, मध्य, द्रुत या संज्ञांप्रमाणे त्यांतून दिशा कळे. नेमके माप कळत नसे. बीथोव्हेनने नव्या यंत्राचे उत्साहाने स्वागत केले आणि १८१७ मध्ये आपल्या पहिल्या आठ सिंफनींसाठी आकडे प्रसिद्ध केले. नवव्या सिंफनीचे आकडे त्याने १८२६ मध्ये पुतण्या कार्ल याला सांगून लिहून घेतले. बर्लिनमध्ये या सिंफनीला मिळालेल्या यशाचे श्रेयही त्याने बऱ्याच अंशी या आकड्यांना दिले. म्हणजे त्याच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नव्हती.

पुढच्या पिढ्यांना मात्र हे आकडे अवास्तव वाटले. बीथोव्हेन तोवर जवळजवळ बहिरा झाला होता, त्याचे यंत्र बिघडलेले असावे, असे तर्क मांडले गेले. वाग्नरने १८६९ मध्ये वाद्यवृंद-संचालनावर लिहिलेल्या निबंधात लय भावानुसार बदलत राहिली पाहिजे, असे आग्रहाने प्रतिपादन केले. फुर्टव्हेंग्लर हे याच परंपरेचे वारसदार. अपवादही होते. व्हायोलिनवादक रुडॉल्फ कोलिश यांनी १९४३ मध्ये लेख लिहून आकड्यांची बाजू घेतली आणि रेने लाइबोविट्झ यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिककडून नऊही सिंफनी त्या गतीच्या जवळपास वाजवून घेतल्या. परंतु हे प्रयत्न दीर्घकाळ एकाकीच राहिले.

चित्र पालटले ते वाद्यांमुळे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ख्रिस्टोफर हॉगवुड यांच्या 'अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक'ने मोझार्टच्या सिंफनी अठराव्या शतकातील पद्धतीच्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित करण्यास प्रारंभ केला. १९८० च्या दशकात रॉजर नॉरिंग्टन यांच्या 'लंडन क्लासिकल प्लेअर्स'ने हाच मार्ग बीथोव्हेनसाठी अवलंबिला, तोही मेट्रोनोमचे आकडे समोर ठेवून. जॉन एलियट गार्डिनर यांचा नऊ सिंफनींचा संच १९९४ मध्ये आला.

या ध्वनिमुद्रणांनी एक गोष्ट स्पष्ट केली : लय आणि वाद्य हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. त्या काळी व्हायोलिनला आतड्याच्या ताती असत. त्यांचा नाद आजच्या धातूच्या तारांपेक्षा मृदू. मात्र प्रत्येक स्वराचा आरंभ खरखरीत व स्पष्ट. हॉर्न आणि ट्रम्पेट यांना झडपा नसत, टिंपनी कडक टिपऱ्यांनी वाजत आणि स्वर सतत कंपित ठेवण्याची, म्हणजे व्हायब्रेटोची, आजच्यासारखी सवय नव्हती. वादकांची संख्याही तुलनेने मर्यादित असे. 'एरोइका'ची पहिली खासगी वादने १८०४ मध्ये प्रिन्स लोबकोवित्झ यांच्या व्हिएन्नातील प्रासादात, एका मध्यम आकाराच्या दालनात झाली.

अशा वाद्यांवर स्वर लवकर विरतो, त्यामुळे तो फार ताणला की पोकळ वाटू लागतो आणि संगीत आपोआप पुढे सरकू पाहते. उलट साठ-सत्तर तंतुवादकांचा दाट, सलग नाद मोठ्या सभागृहात घुमू लागला, की वेगात बारकावे एकमेकांत मिसळतात. संचालकाला गती कमी करावीशी वाटते. जुन्या पिढीची संथ लय हा केवळ लहरीपणा नव्हता. त्यांच्या हाती असलेल्या वाद्यवृंदाचा तो तर्कशुद्ध परिणाम होता.

ही जाणीव पुढे आधुनिक वाद्यवृंदांतही झिरपली. निकोलाउस हार्नोनकोर्ट यांनी १९९०-९१ मध्ये 'चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप'सह आधुनिक वाद्यांच्या जोडीला झडपा नसलेले ट्रम्पेट वापरले. झुरिचमध्ये डेव्हिड झिनमन आणि लाइपझिगमध्ये रिकार्डो शायी यांनी आधुनिक वाद्यवृंदांकडूनच ती चपळाई साधली.

तथापि, आकड्यांचे कोडे संपूर्ण सुटले आहे, असे नाही. अल्मुदेना मार्तीन-कास्त्रो आणि इन्याकी उकार या स्पॅनिश संशोधकांनी २०२० मध्ये ३६ संचालकांच्या ध्वनिमुद्रणांची गती संगणकाद्वारे मोजली. आकडे पाळण्याचा निर्धार केलेले संचालकही सरासरीने त्यांहून थोडे संथच जातात, असे त्यांना आढळले. बीथोव्हेन लंबकावरील वजनाच्या वरच्या कडेऐवजी खालच्या कडेचा आकडा वाचत असावा, असा तर्क त्यांनी मांडला. नवव्या सिंफनीच्या हस्तलिखितावर एका ठिकाणी '१०८ किंवा १२०' अशी नोंद आहे, तिचा त्यांनी आधार घेतला. हा तर्क आकर्षक असला, तरी सर्वमान्य नाही. बीथोव्हेन मनातल्या मनात संगीत ऐकत होता आणि मनातील वादनाला ना सभागृहाचा घुमारा असतो, ना वादकांचा थकवा, हेही कारण तितकेच संभवनीय आहे.

खुद्द बीथोव्हेनने १८१७ च्या एका गीताच्या हस्तलिखितावर मेट्रोनोमचा आकडा लिहून पुढे बजावले होते, की तो केवळ आरंभीच्या काही मापांपुरताच लागू आहे, कारण भावनेलाही स्वतःची लय असते. त्यामुळे आकड्यांकडे दुर्लक्ष करण्याचे समर्थन होत नाही आणि त्यांना घड्याळाप्रमाणे राबवण्याचेही. फुर्टव्हेंग्लर आणि गार्डिनर यांची शोकयात्रा एकापाठोपाठ ऐकणाऱ्या रसिकाला दोन वेगवेगळे शोक भेटतात : एक थिजलेला, दुसरा चालत राहणारा. बीथोव्हेनचे आकडे दुसऱ्याकडे बोट दाखवतात, एवढे मात्र निश्चित.