कोल्हापुरात कुंडीत ब्लूबेरी येईल का? रोप घेण्याआधी हे तपासा

हौसेने आणलेले ब्लूबेरीचे रोप अनेकदा काही महिन्यांत पिवळे पडते. दोष उन्हाला दिला जातो. पण खरी अडचण बहुतेक वेळा माती आणि पाण्यात असते.

माती कशी हवी?
ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामूची आम्लधर्मी माती लागते. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी ही गरज १९१० मध्येच मांडली होती. नदीकाठच्या काळ्या मातीचा सामू सहसा यापेक्षा जास्त असतो. त्यात लोह असूनही मुळांना ते मिळत नाही. मग पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. म्हणून कुंडीत पीट मॉस आणि पाइनच्या सालीचे मिश्रण भरावे. राख, चुना, अंड्याची टरफले टाकू नयेत.

पाणी कोणते?
बोअरचे जड पाणी सामू वाढवते. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम. मात्र पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नये, मुळे कुजतात.

थंडीचे काय?
अनेक जातींना ७ अंशांखालील शेकडो तास थंडी लागते. कोल्हापुरात पारा सहसा तेवढा उतरत नाही. त्यामुळे 'बिलोक्सी'सारखी कमी थंडीत फळणारी जात मागावी. पेरू देशाच्या उबदार किनाऱ्यावर ती मोठ्या प्रमाणावर पिकते. नर्सरीवाल्याला जातीचे नाव सांगता येत नसेल, तर रोप घेऊ नये.

सुरुवात कशी करावी?
आधी सामू मोजण्याच्या पट्टीने माती आणि पाणी तपासावे. पट्टीचा खर्च रोपापेक्षा कमी येतो. चांगली फळे धरायला दोन-तीन वर्षे लागतात. तेवढा धीर नसेल, तर आपली करवंदे आहेतच!