पाव मैलाची कसोटी

मोटारींच्या शर्यतीत जो अधिक वेगाने धावला तो बाद ठरला, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याला ती थट्टाच वाटेल. अमेरिकेतील गावोगावच्या ड्रॅग रेसच्या धावपट्ट्यांवर मात्र सुट्टीच्या दिवशी नेमके हेच घडत असते, आणि बाद झालेला चालक कोणाशीही वाद न घालता गाडी वळवून परत येतो. आपल्या गाडीला आपण पुरते ओळखले नव्हते, हे त्याला उमगलेले असते.

ड्रॅग रेस म्हणजे दोन मोटारींची सरळ रेषेतील शर्यत. वळण नाही, फेऱ्या नाहीत. दोन्ही गाड्या उभ्या स्थितीतून सुटतात आणि पाव मैल, म्हणजे 1320 फूट किंवा सुमारे 402 मीटर अंतर कापतात. सारा खेळ काही सेकंदांत आटोपतो. खास बांधणीची, स्फोटक इंधनावर चालणारी यंत्रे हे अंतर डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच पार करतात. परंतु या खेळाचा खरा आधार असतो तो सामान्य नोकरदार, दुकानदार, निवृत्त कामगार अशा माणसांचा. घरच्या गॅरेजमध्ये जपलेली पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी घेऊन ही माणसे धावपट्टीवर येतात. त्यांची शर्यत ‘ब्रॅकेट’ पद्धतीने होते.

ही पद्धत समजून घेण्याजोगी आहे. आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत पार करील, हे प्रत्येक चालक आधीच घोषित करतो आणि तो आकडा गाडीच्या काचेवर, बहुधा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने, ठळक लिहितो. समजा, एकाने 13.20 लिहिले आणि दुसऱ्याने 11.50. मग मंद गाडीला हिरवा दिवा 1.70 सेकंद आधी मिळतो. दोघेही आपापल्या शब्दाला तंतोतंत जागले, तर दोन्ही गाड्या एकाच क्षणी अंतिम रेषेवर पोहोचतील. म्हणून जुन्या मोटारीतला आजोबा आणि नव्या मोटारीतला तरुण एकाच पट्टीवर बरोबरीने उभे राहू शकतात. मात्र 13.20 लिहिणाऱ्याची गाडी 13.17 सेकंदांत पोहोचली तर तो पहिला येऊनही हरतो, अर्थात प्रतिस्पर्ध्याने त्याहून मोठी चूक केलेली नसेल तर. आपली क्षमता मुद्दाम कमी सांगून सवलत लाटण्याचा मार्ग या नियमाने बंद केला आहे. आकडा फुगवून सांगितला तर गाडी तेथवर पोहोचत नाही, आणि लपवून सांगितला तर ती पुढे निघून जाते.

या खेळाचा उगम मात्र इतका शिस्तीचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड मोटारी स्वस्तात घेत, त्यांची इंजिने स्वतः सुधारीत आणि रात्री सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लावीत. अपघात होत, पोलीस मागे लागत. 1950 साली सँटा अ‍ॅना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे भरून रीतसर शर्यत लावण्याची सोय झाली. पुढच्याच वर्षी ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली. तरुणांना वेगापासून तोडणे अशक्य आहे, पण त्यांना रस्त्यावरून उचलून सुरक्षित जागी नेणे शक्य आहे, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. संस्थेची पहिली अधिकृत शर्यत 1953 मध्ये पोमोना येथे झाली. त्यानंतर मोजकी माणसे वेळ मोजण्याची साधने गाडीला जोडून गावोगाव फिरली आणि स्थानिक पोलिसांना व मंडळांना शर्यत कशी भरवावी हे शिकवीत राहिली. ज्यांच्या घरात गाडीवेडा मुलगा आहे त्या आईवडिलांना पार्क्स यांची ही दृष्टी विशेष पटेल.

ज्या गाड्यांवर आजचे हौशी मालक जीव टाकतात, त्यांतील एक म्हणजे पाँटिअ‍ॅक जी.टी.ओ. तिचा जन्म एका पळवाटेतून झाला. 1963 च्या आरंभी जनरल मोटर्सने आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून अंग काढून घेण्याचा हुकूम दिला होता. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असाही दंडक होता. पाँटिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. नवी गाडी काढायला वरिष्ठांची संमती लागत असे. पण अस्तित्वात असलेल्या गाडीवर जादा पैसे घेऊन काही ऐच्छिक भाग देण्यास तशी संमती लागत नव्हती. त्यांनी ‘टेम्पेस्ट लमाँ’ या साध्या गाडीत थोरल्या गाडीचे 389 घनइंचांचे इंजिन बसवले आणि त्याला ऐच्छिक संच म्हटले. साधारण पाच हजार गाड्या खपतील असा विक्री विभागाचा अंदाज होता. 1964 या पहिल्याच वर्षी 32,450 गाड्या विकल्या गेल्या. चार नळ्यांच्या एका कार्बोरेटरसह ते इंजिन 325 अश्वशक्ती देई आणि दोन-दोन नळ्यांचे तीन कार्बोरेटर घेतले तर 348.

गाडीच्या कीर्तीत एका कथेचा वाटा मोठा आहे. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने मार्च 1964 च्या अंकात या गाडीची तुलना त्याच नावाच्या इटालियन फेरारीशी केली आणि पाव मैलासाठी 13.1 सेकंदांची वेळ छापली. वाचक थक्क झाले. पाँटिअ‍ॅकच्या जाहिरातींचे काम पाहणारे आणि स्वतः 1960 च्या राष्ट्रीय शर्यतीत विजयी झालेले जिम वँगर्स यांनी कित्येक वर्षांनी उघड केले, की चाचणीला दिलेल्या त्या गाडीत 389 चे नव्हे, तर बाहेरून तसेच दिसणारे 421 घनइंचांचे इंजिन होते. कारखान्यातून निघालेल्या सर्वसाधारण जी.टी.ओ. ला त्याच अंतरासाठी याहून बराच अधिक वेळ लागे. ती गाडी मुळातच चांगली होती. तिला खोट्याची गरज नव्हती, हे यातले दुःख.

आज अशी गाडी विकत घेणाऱ्याची पहिली परीक्षा इथेच होते. 1964 आणि 1965 साली जी.टी.ओ. हा केवळ ऐच्छिक संच असल्याने गाडीच्या ओळखक्रमांकावरून ती खरी आहे की साध्या लमाँला नंतर सजवलेली आहे, हे कळत नाही. 1966 पासून तिला स्वतंत्र क्रमांकमालिका मिळाली. त्याआधीच्या गाडीसाठी कारखान्याच्या जुन्या नोंदी जतन करणाऱ्या ‘पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’कडून कागद मागवावा लागतो. कागद पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये, असे जाणकार सांगतात आणि ते सोने खरेदी करणाऱ्यालाही पटण्याजोगे आहे. सजवलेली गाडी वाईट नसते. ती सजवलेली म्हणून विकली गेली तर तिच्यात काहीच गैर नाही, आणि धावपट्टीवर नेण्यासाठी तीच अधिक सोयीची, कारण तिला हात लावताना मन कचरत नाही.

खऱ्या गाडीच्या मालकापुढे मात्र पेच उभा राहतो. कारखान्यातून आली तशी ठेवावी, तर तिचे मोल टिकते. शर्यतीसाठी सुधारावी, तर ज्यासाठी ती घडली ते काम ती करते. मूळ इंजिन फुटले तर पैसे मोजूनही परत मिळत नाही. काही मालक म्हणूनच मूळ इंजिन तेल लावून, गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवतात आणि त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवून शर्यतीत उतरतात. पुन्हा पूर्वीसारखे करता येईल तेवढेच बदलायचे, हा त्यांचा दंडक. जमिनीचा पत्रा कापणे, मागच्या चाकांसाठी आतली कमान रुंद करणे, हे मात्र परतीचे दोर कापणारे काम आहे.

शिवाय ‘मूळ’ म्हणजे नेमके काय, हाही प्रश्न सोपा नाही. मिशिगनमधील रॉयल ओक गावी ‘रॉयल पाँटिअ‍ॅक’ नावाची विक्रीपेढी होती. तेथे नव्या गाडीवर ‘बॉबकॅट’ संच बसवून मिळे. इंजिनाच्या डोक्याखाली पातळ गॅस्केट घालून दाब वाढवायचा, कार्बोरेटरची छिद्रे मोठी करायची, ठिणगी पडण्याची वेळ बदलायची, आणि झडपांच्या दांड्यांवर अशा चाकी बसवायच्या, की इंजिन अधिक फेऱ्यांपर्यंत न अडखळता जाईल. एकेक बदल किरकोळ, पण एकत्र परिणाम मोठा. अशी सुधारणा त्या काळातच झालेली असेल तर आज ती गाडीच्या इतिहासाचाच भाग मानली जाते. साठ वर्षांपूर्वीच्या गॅरेजात केलेला बदल वारसा आणि आज केलेला तोच बदल विटंबना, हा भेद फारसा टिकणारा नाही.

सुधारणेचा क्रम काय असावा, याबाबत अनुभवी माणसांचे एकमत दिसते. आरंभ इंजिनापासून करायचा नाही, ब्रेकपासून करायचा. 1964 च्या जी.टी.ओ. ला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक होते. दीड टनाहून जड गाडी ताशी 160 किलोमीटरच्या वेगातून थांबवताना ते तापतात आणि तापले की पकड सोडतात. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक येतात. त्यानंतर टायर. मूळचे अरुंद टायर सुटताना जागीच गरगरतात आणि इंजिनाची शक्ती धुरात जाते. मऊ रबराचे रुंद टायर घेऊन, पाण्यात भिजवून, जागीच फिरवून तापवले की ते रस्त्याला चिकटतात. पहिल्या 60 फुटांत वाचलेला सेकंदाचा दहावा हिस्सा शेवटी त्याहून अधिक होऊन परत मिळतो. मग मागच्या आसाचे गिअर बदलतात. 3.23 ऐवजी 3.90 चे प्रमाण घेतले की गाडी झेपावते, पण महामार्गावर तेच इंजिन सतत ओरडत राहते आणि इंधन पिते. एका बाजूला काही मिळवले की दुसऱ्या बाजूला काही द्यावे लागते, हा हिशेब या छंदात कधी सुटत नाही.

इंधनाचाही प्रश्न आहे. या इंजिनात मिश्रण 10.75 पट दाबले जाई आणि त्या काळचे शिसे मिसळलेले उंची पेट्रोल तो दाब सोसत असे. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर 1996 च्या आरंभापासून पूर्ण बंदी आहे, आणि लोकांच्या आरोग्यासाठी ते उत्तमच झाले. परंतु जुन्या इंजिनात आजचे पंपावरचे पेट्रोल वेळेआधीच पेट घेऊ शकते. ठोक्यांचा आवाज येतो आणि पिस्टन फुटण्याची भीती असते. त्यामुळे कोणी दाब उतरवतो, कोणी ठिणगीची वेळ मागे घेतो, कोणी शर्यतीचे महागडे इंधन डब्यातून आणतो. जुन्या झडपांखाली कठीण धातूच्या बैठकाही बसवून घेतात.

सुरक्षेचे नियम वेगाबरोबर चढत जातात. गाडी 13.99 सेकंदांत किंवा त्याहून लवकर धावत असेल तर हेल्मेट सक्तीचे, 11.49 च्या पलीकडे गेली की आत पोलादी कमान हवी. इंजिनाची शक्ती मागे नेणारा दांडा तुटून रस्त्यात रुतला तर गाडी उलटू शकते, म्हणून त्याभोवती पोलादी कडे लावतात. तपासनीस प्रत्येक गाडी पाहतो आणि नापसंत पडली तर परत पाठवतो; तेथे कोणाची ओळख चालत नाही.

शर्यतीच्या दिवशी मालकाच्या हाती पाना कमी आणि वही जास्त असते. सकाळी हवा थंड व दाट असते. इंजिनाला प्राणवायू भरपूर मिळतो आणि गाडी वेगाने धावते. दुपारी ऊन चढले, दमटपणा वाढला, की तीच गाडी मंदावते. उंचावरच्या गावी ती आणखी मंद. इंधनाच्या टाकीतले वजनही मोजावे लागते. वहीत जुन्या प्रत्येक धावेची वेळ, तापमान, वारा नोंदलेला असतो, आणि त्यावरून काचेवरचा आकडा ठरतो. सुटण्याची घडी तर याहून अवघड. 1963 पासून वापरात आलेल्या दिव्यांच्या खांबावर तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि मग हिरवा. हिरवा दिसल्यावर निघालेला चालक उशीर करतो; शेवटचा पिवळा उजळताच त्याने क्लच सोडायला हवा. घाई झाली तर लाल दिवा. साठीच्या चालकांकडून तरुण अनेकदा हरतात ते इथेच.

हा कौटुंबिक खेळही आहे. 1992 पासून मुलांसाठी निम्म्या आकाराच्या गाड्यांची स्वतंत्र स्पर्धा चालते. अंतर निम्मे असते आणि वयानुसार ठरलेल्या वेळेहून लवकर पोहोचण्यास मनाई असते. मुलगी गाडीत, आई वही घेऊन बाजूला आणि वडील टायरमधली हवा मोजत आहेत, हे दृश्य तेथे नेहमीचे आहे. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीतील विमानपट्टीवर ड्रॅग रेस भरवल्या गेल्या आहेत, पण कायमच्या पट्ट्यांची उणीव आपल्याकडे आहेच, आणि मध्यरात्रीच्या शहरी रस्त्यांवर तिची किंमत मोजली जाते.

अमेरिकेतही या पट्ट्या एकेक करून मिटत आहेत. लॉस एंजेलिसजवळची प्रसिद्ध ‘लायन्स’ पट्टी 1972 मध्येच बंद झाली. न्यू जर्सीतील इंग्लिशटाउनची पट्टी, जी एडिसन परिसरातल्या भारतीय कुटुंबांपासून फार दूर नव्हती, 2018 मध्ये ड्रॅग रेससाठी बंद झाली. कोलोरॅडोची ‘बँडिमेअर’ 2023 साली थांबली. पट्टी बांधली तेव्हा भोवती शेते होती. पुढे घरे आली, आवाजाच्या तक्रारी आल्या, जमिनीचे भाव चढले. तक्रार करणाऱ्यांचेही चुकत नाही, त्यांना झोप हवी असते. परंतु पट्टी गेली म्हणून गाड्या जात नाहीत. ज्या मालकांना परवडते ते गाडी ट्रेलरवर चढवून शेकडो मैल दूरच्या पट्टीवर नेतात. ज्यांना परवडत नाही, त्यांच्यातील काही गाडी विकतात, काही ती चादरीखाली झाकून ठेवतात, आणि थोडे, सत्तर वर्षांपूर्वी पार्क्स यांनी ज्या रस्त्यावरून तरुणांना बाहेर काढले होते त्या रस्त्याकडे, रात्री पुन्हा वळतात.