गाजर गवत, पाठीवरची पट्टी आणि डॉ. लोणकर

पावसाळ्यात एरंडोलहून हायवेने कुठेही निघा, रस्त्याच्या कडेला आणि पडीक शेतात बारीक पांढऱ्या फुलांचं एक झुडूप भरभरून दिसतं. गाजर गवत, कुणी काँग्रेस गवत म्हणतं. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात ते आढळल्याची नोंद १९५६ मध्ये छापली गेली, आणि ती पुण्याची होती.

म्हणून याच्या त्वचारोगाचं सुरुवातीचं कामही पुण्यात झालं. त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अरविंद लोणकर यांनी आधी डॉ. जोग यांच्यासोबत, आणि पुढे १९७४ मध्ये लंडनचे कॅलनन व व्हँकुव्हरचे मिचेल यांच्यासोबत, या गवताने होणाऱ्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसवर शोधनिबंध लिहिले. रिसर्च म्हणजे मोठी लॅब, असं डोक्यात असलेल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. इथे सुरुवात ओपीडीतल्या पेशंटपासून झाली.

आता यात अवघड काय? एकाच बांधावर दोघे निंदणी करतात, एकाला पुरळ येतं, दुसऱ्याला काहीच नाही. कारण हे भाजणं नाही, ही उशिराची अ‍ॅलर्जी आहे. गवतातलं पार्थेनिन त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतं, आणि टी-पेशी त्याला 'ओळखून' ठेवतात. पुढच्या वेळी संपर्क आला की एक-दोन दिवसांनी खाज आणि पुरळ सुरू होतं. तोवर पेशंटला आठवतही नाही, कशाला हात लागला होता. शिवाय वाळलेल्या गवताचे कण हवेतून येतात, त्यामुळे पुरळ पापण्या, मान, कोपराच्या घडीत दिसतं. काही पेशंटना उन्हाने आणखी त्रास होतो, म्हणून 'उन्हाची अ‍ॅलर्जी' समजून खरं कारण निसटतं.

मग सिद्ध कसं करायचं? पॅच टेस्टने. ही पद्धत याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडली. संशयित पदार्थ थोड्या, ठरलेल्या प्रमाणात पाठीवर पट्टीने चिकटवायचे, ४८ तासांनी काढायचे, आणि तेव्हा व पुन्हा एक-दोन दिवसांनी बघायचं. शेजारी नुसत्या द्रावकाची पट्टीही लावायची, तो कंट्रोल. अर्क फार तीव्र असेल तर कुणाचीही कातडी लाल होईल, म्हणून निरोगी माणसांवरही तपासावं लागतं. एका अर्थी प्रत्येक पेशंट हा छोटा प्रयोगच असतो.

यातली खरी मेख वर आलेल्या मिचेल यांनीच १९७५ मध्ये दाखवली. अंगावर एक्झिमा भडकलेला असताना टेस्ट केली, किंवा एका पट्टीला फार जोरदार रिअ‍ॅक्शन आली, तर आजूबाजूच्या पट्ट्याही खोट्या पॉझिटिव्ह येतात. त्याला त्यांनी 'रागावलेली पाठ' असं नाव दिलं. अशा वेळी पाठ शांत होऊ द्यायची आणि संशयित पदार्थ एकेक करून पुन्हा तपासायचे. आपल्या डेटातही अशी पाठ असते, फक्त ती दिसत नाही.

करिअरचं विचाराल तर एमबीबीएसनंतर त्वचारोगात तीन वर्षांचं एमडी, आणि मग हा विषय स्वतः धरून ठेवायचा. यात झटपट प्रसिद्धी नाही. पेशंटला 'घरात, शेतात, कामावर काय काय हाताळता' हे तासभर विचारायची चिकाटी मात्र लागते.

आणि निदान झाल्यावर? सल्ला एका ओळीचा असतो, गवतापासून लांब राहा. मजुरीवर जगणाऱ्या बाईने तो पाळायचा कसा? दुखणं जुनाट झालं की स्टेरॉइड येतात, नाहीतर अ‍ॅझाथायोप्रिन, आणि त्यासाठी वरचेवर रक्त तपासावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणच्या मजुराला त्या प्रत्येक फेरीत दिवसाचा रोज बुडतो. माझ्या मते पुढच्या संशोधकासाठी खरा प्रश्न इथे आहे. शेतात टिकणारं आणि घामात वापरता येणारं संरक्षण नेमकं कोणतं? एवढं मात्र पक्कं, की उपटून बांधावर वाळत टाकलेल्या गवतातही पार्थेनिन तसंच राहतं, आणि वारा सुटला की ते पुन्हा चेहऱ्यावर येतं.