चारही बटणं एकाच चिन्हाची? असा नियम कुठेच नाही

टेमघर, भादवड, कामतघर ही एके काळची गावं आज भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेत मोडतात. गावपण मात्र पुसलेलं नाही. भाऊबंदकी, आळी, ग्रामदैवताची जत्रा हे सगळं टिकून आहे आणि निवडणूक आली की 'पॅनेल'ही. त्याच्यासोबत एक वाक्य हमखास कानी पडतं : "चारही बटणं एकाच चिन्हाची दाबा, नाहीतर मत बाद होतं."

हे साफ खोटं आहे. प्रचारात इतक्या ठामपणे सांगितलं जातं की शिकलेली माणसंही ते खरं मानतात, आणि याचाच जास्त संताप येतो.

महापालिकेत 90 नगरसेवक निवडून जातात. बहुतेक प्रभागांत चार जागा असतात : अ, ब, क आणि ड. ही एकाच वेळी होणाऱ्या चार स्वतंत्र निवडणुकांसारखी व्यवस्था आहे. प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे, मतमोजणी वेगळी, निकालही वेगळा. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंगसुद्धा वेगळा असतो. तुम्ही 'अ'मध्ये एका पक्षाला, 'ब'मध्ये दुसऱ्याला, 'क'मध्ये अपक्षाला मत दिलं आणि 'ड'मध्ये 'नोटा' दाबलं, तरी चारही नोंदी वैध ठरतात. बंधन एवढंच की प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचं. चारही जागांची नोंद झाल्याशिवाय तुमचं मतदान पूर्ण होत नाही. हा खरा नियम, आणि त्यालाच 'एकाच चिन्हाची'ची शेपटी जोडली गेली.

ही सवय आली कुठून? ग्रामपंचायतीतून. तिथेही एका वॉर्डातून दोन-तीन सदस्य निवडले जातात, पण पक्षाची चिन्हं नसतात. त्यामुळे कोण कुणासोबत उभा आहे, हे पॅनेलवरूनच कळतं. गाव महापालिकेत गेलं, पक्षांची चिन्हं आली, तरी 'पॅनेल टू पॅनेल' तसंच राहिलं. उमेदवाराला त्याचा फायदा उघड आहे. चारांतला एक वजनदार असला की उरलेले तिघे त्याच्या मागून निघून जातात. मतदाराला त्यात काय मिळतं? ज्यांना त्याने कधी पारखलं नाही, असे तीन प्रतिनिधी.

"पण पक्षाला बहुमत मिळायला हवं ना?" हवं असेल तर जरूर द्या, तो तुमचा हक्क आहे. फक्त 2017 च्या महापालिका निवडणुकीनंतर भिवंडीत काय घडलं ते लक्षात ठेवा. त्या निवडणुकीत काँग्रेसला 90 पैकी 47 जागा मिळाल्या, म्हणजे स्पष्ट बहुमत. तरीही डिसेंबर 2019 मध्ये महापौरपद गेलं कोणार्क विकास आघाडीकडे, जिचे स्वतःचे नगरसेवक होते चार. काँग्रेसच्या 18 नगरसेवकांनी पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध मतदान केलं होतं. निवडून आल्यावर ज्यांनी स्वतःची मतं अशी फिरवली, त्यांच्यासाठी मतदाराने मात्र डोळे मिटून एकाच रांगेत बटणं दाबावीत, हा आग्रह मला अजिबात मान्य नाही. चिन्ह बघा, पण माणूसही बघा. तोही चार वेळा.

याच गैरसमजाचं पिल्लू म्हणजे "ती 'ब'ची नगरसेविका, आमच्या आळीची नाही." वॉर्डाचे चार तुकडे पाडलेले नसतात. चारही जण अख्ख्या प्रभागाचे असतात. गटाराची तक्रार चौघांपैकी कुणाकडेही न्या.

तसंच, जागा महिलांसाठी किंवा एखाद्या प्रवर्गासाठी राखीव असली तर राखीव असतो तो उमेदवार. मतदान प्रभागातल्या प्रत्येक मतदाराने करायचं असतं.

"कुणी कुणाला मत दिलं ते कळतं," ही लहान वस्तीतली खरी भीती. केंद्रनिहाय आकडे कळतात, हे खरं आहे. पण त्यातलं तुमचं मत कुठलं, हे कुणालाही कळत नाही. तसं कळल्याचा आव आणणारा तुम्हाला धमकावतो आहे, एवढंच.

चिठ्ठी दिसली नाही म्हणून मशीन बिघडली असं समजू नका. महापालिकेच्या निवडणुकीत व्हीव्हीपॅट वापरलं जात नाही. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, लोकसभा-विधानसभेचा आयोग वेगळा.

"नोटा म्हणजे वाया गेलेलं मत" हे लोकसभा-विधानसभेपुरतं बरंचसं खरं आहे. आपल्या स्थानिक निवडणुकांत मात्र राज्य आयोगाच्या नोव्हेंबर 2018 च्या आदेशानुसार नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यावी लागते. फेरनिवडणुकीतही तसंच झालं, तर नोटा वगळून सर्वाधिक मतं मिळवणारा उमेदवार निवडून येतो.

आणि "एका मताने काय होतंय?" 2019 मध्ये भिवंडी पूर्व विधानसभेचा निकाल 1,314 मतांनी लागला. प्रभागातली लढत तर त्याहून कितीतरी लहान असते.

ओळखपत्र खिशात असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. तेव्हा यादीत आपलं नाव आधीच तपासा, चारही जागांचे उमेदवार कोण आहेत ते विचारून घ्या आणि केंद्रात गेल्यावर प्रत्येक बटण वेगळा विचार करून दाबा.