तबक धरणारी कोण?

या वर्षी आमच्या शाळेची सहल अजिंठ्याला गेली. मुले शिरूरची आणि दौंडची. १७ क्रमांकाच्या लेण्यात मंद उजेडात आम्ही एका चित्रापुढे थांबलो. हे लेणे पाचव्या शतकातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले. चित्रात एक राजस्त्री आरशात आपले रूप न्याहाळते आहे. शेजारी दासी आहेत. एकीच्या हातात शृंगाराचे तबक, दुसरीच्या हातात चवरी. मुली खुदकन हसल्या. चाँदरातीला घरोघरी हेच तर दिसते!

तेवढ्यात दौंडच्या एका मुलीने विचारले, "सर, आरसा धरलेली राणी असेल, पण तबक धरलेली कोण?"

तिची अम्मी लग्नघरी जाऊन मेंदी काढते, नवरीला सजवते. वर्गात कुणी विचारले तर ही मुलगी मात्र "अम्मी घरीच असते" एवढेच सांगते. त्यामुळे तो प्रश्न आमच्या मनाला लागला.

परतीच्या वाटेवर आम्ही मुलांना इजिप्तची गोष्ट सांगितली. लक्सरजवळ उसरहत नावाच्या राजलेखनिकाची सुमारे ३४०० वर्षांपूर्वीची कबर आहे. तिच्या भिंतीवर न्हावी केस कापताना रंगवला आहे. बाकीची माणसे झाडाखाली नंबराची वाट पाहत बसली आहेत, कुणाला डुलकी लागली आहे. "जुम्म्याच्या सकाळी सलूनमध्ये असंच असतं!" मुले ओरडली. लेखनिकाचे नाव आपल्याला कळते, न्हाव्याचे नाही. पण त्याच्या कामाशिवाय ते चित्रच पुरे होत नाही.

अजिंठ्याचेही तसेच. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. पुस्तकावर नाव त्यांचे आले. त्यांच्याबरोबर राबलेल्या चित्रकारांत हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन होते. पुढे सय्यद अहमद यांनी या लेण्यांची देखभालही केली. ही नावे आपल्या किती घरांत माहीत आहेत?

सहलीनंतर आम्ही 'माझे घर' हा निबंध दिला. त्या मुलीने पहिल्याच ओळीत अम्मीचे पूर्ण नाव लिहिले होते आणि दुसऱ्या ओळीत तिचे काम. तो निबंध तिने वर्गापुढे उभे राहून वाचला.

पालकहो, आपल्या मेहनतीची गोष्ट मुलांना सांगत जा. आपण लपवले, तर तीही लपवायला शिकतात.