वऱ्हाड लिहिलेला शर्ट

धोनीचा सात नंबरचा शर्ट अमरावतीच्या कुठल्याही बाजारात टांगलेला दिसतो. पण संगणकाच्या एखाद्या प्रणालीचं चित्र छातीवर मिरवणारीही माणसं असतात, असं सांगितलं तर आपल्याकडे लोक हसतील. अशी माणसं जगभर आहेत. लिनक्सचा तो गुबगुबीत पेंग्विन त्यांच्या शर्टांवर, कपांवर, टोप्यांवर असतो. लॅरी एविंग यांनी तो १९९६ साली काढला आणि सांगून टाकलं, की वापरा, हवा तर बदला, फक्त कुणी विचारलं तर चित्र कुणाचं ते सांगा.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची पाककृती उघडी ठेवली आहे असं सॉफ्टवेअर. ते बहुधा पैसे न देताच मिळतं. मग ज्याला त्याचा लळा लागला त्यानं आपलं प्रेम दाखवावं कसं? तो शर्ट घेतो. काही प्रकल्पांना त्यातून खर्चालाही हातभार लागतो. ‘ओपनबीएसडी’वाल्यांनी काटेरी माशाचं चित्र असलेले शर्ट आणि सीडी विकून बरीच वर्षं आपला संसार चालवला. सीडी २०१६ नंतर बंद झाल्या.

मात्र एक सावधगिरी हवी. पाककृती उघडी असली तरी दुकानाची पाटी उघडी नसते. फायरफॉक्सच्या नाव-चिन्हावरून २००६ साली वाद झाला, तेव्हा डेबियन या प्रकल्पाला तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावानं द्यावा लागला. ते दहा वर्षं चाललं. डेबियनचं स्वतःचं धोरण मात्र दिलदार आहे. आमच्या चिन्हाचे शर्ट खुशाल विका, पण किमतीतला किती वाटा आम्हाला देणार ते गिऱ्हाइकाला खरं सांगा, अशी त्यांची शिफारस आहे. ही शिफारस आपल्याकडच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकांनाही लागू करायला हरकत नाही.

आता आपल्या मुलांनी छापायचं काय? अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत पेंग्विन बिचारा काय करणार! मी म्हणतो, अक्षर छापा.

‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्या. त्यातला तो अर्धा र, ह च्या अंगाला टेकलेली ती छोटी वेलांटीसारखी रेघ, हिंदीला लागत नाही. मराठीला लागते, कारण ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. फलकांवर ‘वर्हाड’ असा, र डोक्यावर चढलेला शब्द किती वेळा पाहिला असेल! आपल्या प्रदेशाचं नाव आपल्याच चौकात चुकलेलं. संगणक अक्षरं साठवतो ती सुटी सुटी. व, ऱ, हलन्त, ह, काना, ड. त्यांना जोडून नीट आकार देण्याचं काम दुसरंच एक सॉफ्टवेअर करतं. अँड्रॉइड फोन, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांत हे काम करणाऱ्या मुक्त प्रकल्पाचं नाव आहे ‘हार्फबझ’. नाव फारसीतलं आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. उर्दूमुळे हर्फ माझ्या रोजच्या कानातला, म्हणून मला ते एकदम घरचं वाटलं. मोबाइलवर ‘वऱ्हाड’ नीट उमटतो तेव्हा त्यामागे हे काम असतं. पण त्याचा शर्ट घालून फिरणारा मला अजून भेटलेला नाही. वर ‘वर्हाड’ खोडलेला, खाली ‘वऱ्हाड’ ठसठशीत, एवढं छापलं तरी पुरे. दुसऱ्या शर्टावर नुसता मोठा ‘ळ’ छापा आणि पाठीवर ‘डोया’ लिहा. आपल्या बोलीत ‘डोळ्या’चं काय होतं ते पुण्याच्या माणसाला विचारू द्या.

फॉन्टची ददात नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचे ‘मुक्ता’ आणि ‘मोदक’ खुल्या परवान्यावर आहेत. ‘मोदक’ तर इतका गरगरीत की चहाच्या कपावर तोच शोभेल. ‘यात्रा वन’ हा फॉन्ट मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घडवला आहे. त्यात ‘बडनेरा’ किंवा ‘मूर्तिजापूर’ लिहून पाहा. हा परवाना म्हणतो, नुसता फॉन्ट वेगळा विकू नका. त्यातून छापलेला शर्ट, पिशवी, दिनदर्शिका विकायला मोकळीक आहे. कीबोर्डवर चिकटवायच्या मराठी अक्षरांच्या चकत्या ही तर कामाचीच वस्तू, शाळांत खपेल.

छापायला देताना एक करा. ‘इंकस्केप’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहून अक्षरांचं रेषाचित्र करून घ्या. त्यात ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ अशी आज्ञा आहे. मग छपाईवाल्याच्या संगणकावर कोणताही फॉन्ट असो वा नसो, र पुन्हा डोक्यावर चढत नाही. कापड सुती घ्या, कपाशीच्या मुलखात पॉलिस्टरवर ‘वऱ्हाड’ बरं दिसत नाही. आणि फॉन्ट ज्यांनी घडवला त्यांचं नाव परवाना शर्टावर मागत नसला, तरी कॉलरच्या आतल्या पट्टीवर छापा. त्याखाली, या किमतीतले किती रुपये कोणत्या प्रकल्पाला जाणार, तेही.