रेजेक्स शोधतं, पण मोजत नाही

आज सुरुवात माझ्याच फजितीपासून.

आपल्या जुन्या बारा भागांच्या लिखाणात, जिथे तळटीप हवी तिथे मी चौकटी कंसात नुसतं 'टीप' लिहून ठेवलं होतं. आता तिथे टीप १, टीप २ असे सलग नंबर हवे होते, थेट बाराव्या फाइलपर्यंत. हाताने करायचं तर मधेच एक टीप वाढली की पुढचे सगळे नंबर बदला!

रेजेक्स म्हणजे मजकुराचा साचा. साच्यात बसणारं ते बरोबर शोधून देतं. पण 'आत्तापर्यंत किती सापडले?' हे त्याला विचारू नका. शोधा-बदला करताना प्रत्येक जागी तोच ठरलेला मजकूर पडतो. मोजणारा बाहेरून आणावा लागतो.

त्यासाठी मी पर्ल वापरतो. भाषा १९८७ सालची, पण या कामाला एकदम पक्की. अँड्रॉइडवर टर्मक्स असेल तर त्यातही चालते. तिच्या बदलायच्या कमांडच्या शेवटी 'जी' लावला की सापडलेल्या सगळ्या जागा बदलतात. 'ई' लावला की बदली मजकूर कोड म्हणून चालतो. बस, तिथे दर वेळी एकाने वाढणारा काउंटर ठेवायचा. सगळ्या फाइल्स एकाच कमांडला दिल्या तर काउंटर पुढच्या फाइलमध्येही चालू राहतो. फाइलगणिक वेगळी कमांड चालवली, की पुन्हा १ पासून.

आणि हो, चौकटी कंसाआधी बॅकस्लॅश द्या. नाहीतर रेजेक्स त्याचा अर्थ 'आतल्यापैकी कुठलंही एक' असा घेतं.

आता फजिती. नंबर सलग पडले, पण पहिल्या भागानंतर थेट दहाव्यात! कारण फाइल्सची नावं आकड्यांप्रमाणे नाही, अक्षरांप्रमाणे लागली: १, १०, ११, १२, मग २. नावं ०१, ०२ अशी केली असती तर हे झालंच नसतं.

वाचलो ते बॅकअपमुळे. फाइल जागेवरच बदलणाऱ्या 'मायनस आय'ला चिकटून 'डॉट बीएके' लिहिलं, की मूळ प्रत शिल्लक राहते. पण कमांड दुसऱ्यांदा चालवली तर त्या प्रतीवर बदललेली फाइल बसते. म्हणून आधी मूळ प्रती परत आणा, मगच पुन्हा चालवा.

तुम्ही आधी दोन फाइल्सवर करून बघा. भेटू पुढच्या भागात!